मुलांच्या खोलीतला मोठा पडदा

जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेथून परतूरची वाट फुटते, त्या वाटूरसारख्या गावात नवे घर बांधताना मुलांच्या खेळासाठी स्वतंत्र खोली काढण्याची ऐपत आणि हौस आता पुष्कळ कुटुंबांना आली आहे. आणि अशी खोली निघाली की तिच्या एका भिंतीवर मोठा पडदा लावावा, त्यावर मुलांनी कार्टून पाहावे, क्रिकेट पाहावे, सुटीत आलेल्या आतेमामेभावंडांसह खेळ खेळावेत, ही इच्छा त्यामागोमाग येतेच. इच्छा मुळीच वावगी नाही. परंतु ती पुरी करण्यासाठी बाजारात पाऊल टाकणाऱ्या गृहस्थापुढे एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी, प्रोजेक्टर अशा नावांची जी रांग उभी राहते, तिचा उलगडा त्याला सहसा कोणी करून देत नाही. दुकानदार आपल्या गोदामात असेल त्याची शिफारस करतो, शेजारी आपल्या घरात असेल त्याची, आणि जाहिरात सर्वांत महाग असेल त्याची. प्रस्तुत लेखात या सर्व पद्धतींचा आढावा घेताना मी सारखा एकाच गोष्टीकडे वळणार आहे: ती खोली कशी आहे, तीत उजेड किती येतो, भिंत कशाची, वीज कशी, आणि तीत बसणारी मुले कोणत्या वयाची. पडद्याची निवड खोलीने करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोठा पडदा ही तशी अलीकडची चीज. दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी सुरू झाली, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने चित्राला रंग आला, आणि ऐंशीच्या दशकात लघुशक्ती प्रक्षेपक गावोगावच्या आवाक्यात आल्यावर मराठवाड्यातील घरांच्या माळवदांवर ॲन्टेना दिसू लागले. त्याच दशकात तेव्हाच्या औरंगाबादजवळ, पैठण रस्त्यावरील चितेगाव येथे व्हिडिओकॉनचा कारखाना रंगीत संच बनवू लागला, आणि पुढील दोनअडीच दशके मराठवाड्यातील असंख्य घरांतला पहिला टीव्ही याच प्रदेशात जुळवलेला होता, ही गोष्ट आजच्या मुलांना सांगितली तर खरी वाटणार नाही. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. या सर्व संचांचा आत्मा म्हणजे कार्ल फर्डिनांड ब्राउन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ साली घडवलेली इलेक्ट्रॉनांच्या झोताची नळी. निर्वात केलेल्या काचेच्या घटावर बाहेरच्या हवेचा जो प्रचंड दाब पडतो, तो सोसण्यासाठी पडदा वाढेल तशी काच जाड करावी लागते आणि झोत वळवण्यासाठी नळी लांब करावी लागते. त्यामुळे २९ इंचांचा संच उचलायला दोन माणसे लागत, आणि सोनीने १९८९ च्या सुमारास ४३ इंचांची नळी काढून दाखवली तेव्हा तिचे वजन दोनशे किलोंच्या घरात गेले. तेथे ही वाट खुंटली.

पहिली पर्यायी वाट प्लाझ्माची. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात १९६४ साली तिचा शोध लागला. दोन काचांमधील सूक्ष्म कप्प्यांत वायू पेटवायचा, त्यातून निघणाऱ्या अतिनील किरणांनी रंगीत प्रकाश देणारे द्रव्य उजळायचे, असे तिचे तत्त्व होते. चित्र सुरेख असे, परंतु पन्नास इंची संच सुमारे तीनशे वॅट वीज ओढी आणि तापे. पॅनासॉनिकने २०१३ च्या अखेरीस आणि सॅमसंग व एलजी यांनी २०१४ साली त्याचे उत्पादन बंद केले. शहरातून कोणी आप्त जुना प्लाझ्मा संच फुकट देऊ लागला, तर त्याचे आभार मानून तो नाकारावा. त्याचे सुटे भाग आता मिळत नाहीत.

आज दुकानात जे शंभर संच दिसतात, त्यांपैकी बहुसंख्य संच कुठलेही नाव लावून आले तरी मुळात एलसीडी आहेत, हे गिऱ्हाइकाने प्रथम पक्के ध्यानात घ्यावे. द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाही. तो केवळ झडपेचे काम करतो. पाठीमागे दिवा सतत जळत असतो आणि त्याचा प्रकाश कोठे सोडायचा, कोठे अडवायचा, एवढेच पडद्यावरील लक्षावधी झडपा ठरवतात. पूर्वी हा मागचा दिवा बारीक ट्यूबलाइटसारखा असे. निळा प्रकाश देणाऱ्या एलईडीचा शोध लागल्यावर, ज्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, पांढरा उजेड देणारे बारीक एलईडी दिवे तेथे बसले, आणि तोच एलसीडी संच एलईडी टीव्ही म्हणून विकला जाऊ लागला. त्या दिव्यासमोर अतिसूक्ष्म अर्धवाहक कणांचा थर लावून तांबडा व हिरवा रंग अधिक शुद्ध केला, की क्यूएलईडी झाला. या कणांच्या शोधालाही २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आहे, आणि त्या थराने रंगात जो फरक पडतो तो खरा आहे. मात्र रंग सुधारले म्हणून काळा भाग काळा होत नाही. मागचा दिवा जळतच असतो, झडप थोडी झिरपते, आणि रात्रीच्या अंधाऱ्या दृश्यात आकाश करडे दिसते.

या झिरपण्याचे दोन उपाय आहेत आणि ते दोन्ही समजून घेण्याजोगे आहेत. एक उपाय पॅनेलच्या जातीत आहे. आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये पांढरा भाग काळ्या भागाच्या सुमारे हजार पट उजळ असतो, व्हीए जातीत हेच प्रमाण तीन ते पाच हजारांपर्यंत जाते. उलटपक्षी, बाजूने पाहणाऱ्याला व्हीएचे रंग फिके पडतात आणि आयपीएसचे टिकतात. खेळाच्या खोलीत मुले शिस्तीने एका कोचावर पडद्यासमोर बसत नाहीत. एक पलंगावर लोळतो, दुसरी दाराशी उभी असते, तिसरा पडद्याच्या अगदी बगलेला ठाण मांडून असतो. ज्या घरात मुले पुष्कळ आणि खोली रुंद, तेथे आयपीएसचा विचार करावा. जेथे दोनच मुले आणि खोली अरुंद व लांब, तेथे व्हीए निःसंशय बरे. दुर्दैवाने ही जात खोक्यावर क्वचितच छापलेली असते. ती ओळखण्याची युक्ती सोपी आहे: दुकानात चालू असलेल्या संचावर माणसाचा चेहरा दिसत असताना पडद्याच्या एका कडेला जाऊन तिरपे पाहावे; चेहरा धुतल्यासारखा पांढुरका झाला तर पॅनेल व्हीए समजावे.

दुसरा उपाय मागच्या दिव्यांच्या मांडणीत आहे. स्वस्त आणि अतिशय चपट्या संचांत दिवे केवळ कडेला असतात आणि प्रकाश आत पसरवला जातो. मध्यम संचांत ते संपूर्ण पाठीवर मांडलेले असतात. आणि मिनी एलईडी म्हणून जे संच येतात त्यांत बारीक दिव्यांची संख्या हजारांत जाऊन त्यांचे शेकडो स्वतंत्र गट पडतात, जेणेकरून चित्राचा जो भाग काळा असेल तेथील दिवे मंद करता येतात. ही पद्धत उजेडाच्या खोलीत सर्वांत समर्थ आहे, कारण तिचा पडदा भर दुपारीही फिका पडत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरील पांढऱ्या अक्षरांभोवती किंचित प्रभा दिसते एवढाच तिचा दोष, आणि मुलांच्या नजरेला तो जाणवत नाही.

आता ओएलईडीकडे वळतो. इस्टमन कोडॅकमध्ये चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरांतून वीज सोडून प्रकाश काढून दाखवला. २००७ साली सोनीचा ११ इंची संच आणि २०१३ साली एलजीचा ५५ इंची संच बाजारात आला. येथे मागचा दिवा नाही, झडप नाही. प्रत्येक बिंदू स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळा म्हणजे खरोखर काळा, आणि कोणत्याही कोनातून रंग जवळजवळ तेच. चित्राच्या शुद्धतेविषयीच बोलावयाचे तर या पद्धतीला आज तोड नाही, हे मान्य करण्यात कोणतीही हरकत नसावी. ज्याच्याकडे अंधारी करता येणारी बैठक आहे आणि जो रात्री एकाग्रतेने चित्रपट पाहतो, त्याने ती जरूर घ्यावी.

परंतु मुलांच्या खोलीत, आणि त्यातही वाटूरच्या मुलांच्या खोलीत, मी तिची शिफारस करणार नाही, आणि या निर्णयाची कारणे सविस्तर दिली पाहिजेत. सेंद्रिय पदार्थ वापराने झिजतो, निळा तर सर्वांत लवकर. त्यामुळे पडद्याच्या एकाच जागी तेच चित्र रोज तासन्तास राहिले, तर त्या जागेचे बिंदू इतरांच्या पुढे झिजून तेथे कायमचा डाग उमटतो. कार्टूनच्या वाहिनीचे कोपऱ्यातील बोधचिन्ह, खेळातील गुणांची चौकट, आणि आजोबा दुपारी लावून ठेवतात त्या बातम्यांच्या वाहिनीची तळाशी कायम राहणारी पट्टी, ही तिन्ही नेमकी अशीच स्थिर चित्रे आहेत, आणि मुलांचा शिरस्ता असा की एकदा आवडलेली वाहिनी ती महिनोन्‌महिने सोडत नाहीत. निर्मात्यांनी यावर तोड काढली आहे, नाही असे नाही: काही तासांच्या वापरानंतर संच रिमोटने बंद केला की तो आतल्या आत बिंदूंची झीज मोजून तिची भरपाई करतो. ही भरपाई संच बंद दिसत असताना, परंतु त्याला वीज मिळत असताना होते. आमच्याकडील बहुसंख्य घरांत निजण्यापूर्वी टीव्हीचे बटण भिंतीवरूनच बंद करण्याची वहिवाट आहे, आणि विजांच्या भीतीने ती योग्यही आहे. शिवाय रात्री पुरवठा केव्हा जाईल याचा भरवसा नाही. म्हणजे ज्या तरतुदीवर या पडद्याचे आयुष्य अवलंबून आहे, तीच येथे वारंवार मोडली जाणार. त्यात उष्णतेची भर. बहुतेक संचांच्या माहितीपुस्तिकेत चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत वापर करावा असे लिहिलेले असते. जालना जिल्ह्यात मे महिन्यात बाहेरचाच पारा चाळिशी ओलांडतो, आणि पत्र्याच्या छपराखालील खोली त्याहूनही तापते. उष्णता सेंद्रिय थराची झीज वाढवते. इतकी किंमत मोजून आणलेली वस्तू तिला न मानवणाऱ्या हवेत ठेवणे हा त्या वस्तूवरही अन्याय आहे.

प्रोजेक्टरचा विचार मात्र मराठी माणसाने आपुलकीने करावा, कारण मोठ्या पडद्याची आपली पहिली ओळख त्याच्यामुळेच झाली. जत्रेत तंबू ठोकून चित्रपट दाखवणाऱ्या टुरिंग टॉकीजनी पिढ्यान्‌पिढ्यांना भिंतीएवढी चित्रे दाखवली, आणि कापडी पडद्याच्या मागील बाजूनेही प्रेक्षक बसत. आजचा प्रोजेक्टर त्या यंत्राच्या मानाने एवढासा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली बनवलेल्या, लाखो हलत्या आरशांच्या नखाएवढ्या चकतीवर किंवा द्रवस्फटिकाच्या तीन लहान तुकड्यांवर त्याचे काम चालते, आणि शंभर इंची, म्हणजे सव्वासात फूट रुंद आणि चार फूट उंच चित्र तो सहज टाकतो. खेळाच्या खोलीच्या दृष्टीने त्याचा एक गुण इतर कोणत्याही संचात नाही: पडद्यावर चेंडू बसला तर पडद्याचे काही बिघडत नाही. चपट्या संचाचे पॅनेल एका चेंडूने तडकते, त्याची हमी मिळत नाही, आणि नव्या पॅनेलची किंमत पुष्कळदा नव्या संचाच्या जवळपास जाते. मुलांना घरात चेंडू खेळू नको म्हणून बजावण्याचा पराक्रम ज्याने केला असेल, त्याला या मुद्द्याचे वजन वेगळे सांगायला नको.

तरीही प्रोजेक्टरचे गणित एकदा मांडून पाहावे. अडीच हजार ल्यूमेनचा चांगला प्रोजेक्टर शंभर इंची पडद्यावर सुमारे नऊशे लक्स प्रकाश टाकतो. खिडकी उघडी असलेल्या खोलीत दिवसा तीनशे लक्स उजेड सहज असतो, आणि तो त्याच पांढऱ्या पडद्यावर पडतो. म्हणजे चित्रातील सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या जेमतेम चौपट उजळ राहतो. चौपट म्हणजे चित्र नव्हेच, धुके. ऑनलाइन बाजारात अत्यल्प किमतीत मिळणाऱ्या चिमुकल्या प्रोजेक्टरांवर हजारो ल्यूमेनचे जे आकडे छापलेले असतात, त्यांवर विसंबू नये. त्यांचा खरा प्रकाश छापील आकड्याच्या लहानशा अंशाइतकाच निघतो. जुन्या पद्धतीच्या दिव्याच्या प्रोजेक्टरात दिवा तीन ते पाच हजार तासांनी बदलावा लागतो. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, तो बंद केल्यानंतरही काही वेळ पंखा चालू राहून दिवा थंड व्हावा लागतो. अचानक वीज गेली की पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच कोंडला जातो. वारंवार असे झाले की त्याचे आयुष्य घटते. लेसर प्रोजेक्टरला ही अडचण फारशी नाही, त्याचा प्रकाशस्रोत वीस हजार तास टिकतो, परंतु त्याची किंमत वेगळ्याच पंक्तीत बसते. धूळ हा आणखी एक शत्रू. सोयाबीनची मळणी चालू असताना किंवा कापूस घरात भरला असताना वाटूरच्या हवेत जो भुसा आणि तंतू तरंगतो, तो या यंत्राची जाळी आठवड्यात भरून टाकील. ज्या घरात इन्व्हर्टर आहे, खोलीला जाड पडदे आहेत आणि जाळी साफ करणारे मोठे माणूस आहे, त्या घरात रात्रीच्या सामूहिक पाहण्यासाठी लेसर किंवा एलईडी प्रोजेक्टर आनंददायी ठरेल; दिवसभर वापरायच्या एकमेव पडद्यासाठी तो पुरेसा नाही.

मायक्रो एलईडी म्हणून जी पद्धत सॅमसंगने २०१८ पासून भिंतीएवढ्या रूपात दाखवली आहे, तिचा विचार करण्याचे सामान्य घराला तूर्त प्रयोजन नाही.

आकाराचा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. मी मुद्दाम येथपर्यंत थांबलो, कारण त्याचे उत्तर पडद्यावर काय दाखवणार यावर अवलंबून आहे. निरोगी डोळा एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो, या नियमाने हिशेब केला तर ५५ इंची पडद्यावर पूर्ण एचडी चित्राचे बिंदू सात फुटांच्या पलीकडे आणि फोरके चित्राचे बिंदू साडेतीन फुटांच्या पलीकडे दिसेनासे होतात. दहा बाय बाराच्या खोलीत मुले सात ते नऊ फुटांवर बसतील, म्हणजे एचडी चित्र तेथे स्वच्छ दिसेल आणि फोरकेचा अधिक तपशील बहुतेक वाया जाईल. एटके तर सर्वस्वी निरर्थक. परंतु दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशवर, ज्यावर खेड्यापाड्यांतील लक्षावधी घरे २००४ पासून मासिक शुल्काविना अवलंबून आहेत, बहुसंख्य वाहिन्या जुन्या साध्या प्रतीच्या, सातशे वीस बिंदू रुंदीच्या आहेत. त्याच हिशेबाने अशी वाहिनी ३२ इंची पडद्यावर अकरा फुटांवरून स्वच्छ दिसते, आणि ५५ इंची पडद्यावर स्वच्छ दिसण्यासाठी एकोणीस फूट मागे सरकावे लागते. म्हणजे ज्याच्या घरात फ्री डिश हाच मुख्य आधार आहे, त्याने ५५ इंची संच आणला तर चित्र मोठे होईल आणि वाईट दिसेल. मग संच खराब निघाला अशी कैफियत घेऊन तो दुकानात जाईल. तेथे ३२ किंवा फार तर ४३ इंच योग्य. ज्याच्याकडे स्थिर ब्रॉडबँड आहे आणि मुले इंटरनेटवरूनच पाहतात, त्याने ५५ पर्यंत जावे. ६५ इंची संच पावणेपाच फूट रुंद असतो. त्यासाठी बारा फुटांची खोली मला अपुरी वाटते. मोठी मुले गेमिंगचा आग्रह धरतील तेव्हा संचात गेम मोड आहे की नाही एवढे पाहावे, कारण बटण दाबणे आणि पडद्यावर परिणाम दिसणे यांतील विलंब त्यानेच घटतो.

भिंतीविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती पांढऱ्या मातीच्या, दोनअडीच हात जाड आणि उन्हाळ्यात थंडगार. अशा खोलीत पडदा ठेवावा तो उष्णतेच्या दृष्टीने उत्तमच. परंतु त्या मातीत वॉल माउंटचा बोल्ट धरत नाही. आज बसवला तर घट्ट वाटतो, आणि पावसाळ्यात ओल चढली की सैल होतो. त्याखाली लहान मूल खेळत असते. अशा भिंतीवर संच टांगू नये. जड, रुंद आणि बुटक्या लाकडी कपाटावर तो ठेवून, पाठीमागच्या छिद्रांतून पट्टा काढून तो भिंतीतल्या लाकडी खांबाला बांधावा. चपटे संच हलके असल्यामुळे निरुपद्रवी असतात हा समज घातक आहे. पायावर उभा असलेला संच रांगणारे मूल एका ओढीत अंगावर घेऊ शकते. विटांच्या किंवा काँक्रिटच्या भिंतीत मात्र बोल्ट खुशाल मारावा, आणि मुले जमिनीवर बसून पाहणार असतील तर पडद्याचा मध्य तीनसाडेतीन फुटांपेक्षा वर नेऊ नये, कारण मान वर करून तास काढणे त्यांच्या मानेला जाचते. माळवदाच्या छतातील साण्यातून, म्हणजे झरोक्यातून, उन्हाचा जो खांब उतरतो, तो दिवसभरात खोलीत फिरतो. पडदा कोठे ठेवायचा हे ठरवण्यापूर्वी तो दुपारी कोणत्या भिंतीवर येतो ते पाहून घ्यावे. खिडकी पडद्याच्या समोर किंवा मागे असू नये, बाजूला असावी.

आणि वीज. महावितरणचा पुरवठा २३० व्होल्टचा. आजकालच्या संचांतील वीजयोजना शंभर ते दोनशे चाळीस व्होल्टपर्यंत सांभाळून घेते, त्यामुळे दाब कमी झाल्याने संच जळत नाही आणि जुन्या काळच्या वजनदार स्टॅबिलायझरची आता तितकीशी गरज उरलेली नाही. खरा धोका दाब वाढण्याचा. डीपीवरचा, म्हणजे रोहित्रावरचा, किंवा वाटेतल्या खांबावरचा न्यूट्रल तुटला की ज्या घरात २३० व्होल्ट यायचे तेथे चारशेपर्यंत व्होल्ट येतात, आणि एका क्षणात आळीतील सर्व घरांचे टीव्ही, पंखे, फ्रीज जातात; असा प्रसंग ज्या गावात कधीच घडला नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. यावर उपाय म्हणजे मर्यादेबाहेर दाब गेल्यास पुरवठा तोडणारे यंत्र घराच्या मुख्य फलकातच बसवणे, आणि कोळसा-मीठ घालून नीट केलेले, उन्हाळ्यात पाणी घालून ओले ठेवलेले अर्थिंग. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा फार पडतात. अशा वेळी संचाचे बटण बंद करून भागत नाही. प्लग काढावा आणि छतावरच्या डिशची केबलही संचापासून सोडवावी, कारण विजेचा लोट त्या तारेने थेट आत उतरतो. ५५ इंची एलईडी संच सुमारे एकशेवीस वॅट ओढतो. रोज चार तास चालला तर महिन्याला साधारण चौदा युनिट. दोनशे-अडीचशे वॅटचा प्रोजेक्टर याच्या दुप्पट जाईल, आणि लहान इन्व्हर्टरला तो भार पेलवेलच असे नाही.

मुलांच्या वेळेचा प्रश्न तंत्राचा नाही म्हणून तो टाळता येणार नाही. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने आणि त्यापूर्वी २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने दिलेला सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखालील मुलाला पडदा नकोच, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको. हातातील मोबाइल वीतभर अंतरावर धरून पाहण्यापेक्षा आठ फुटांवरील मोठा पडदा डोळ्यांना कमी ताण देतो, आणि तो चार जणांत पाहिला जातो, मूल एकटे पडत नाही. हे त्याच्या बाजूचे दोन मोठे युक्तिवाद मला मनापासून पटतात. पण दूरची नजर शाबूत राहावी यासाठी मुलांनी रोज उघड्यावर, सूर्यप्रकाशात काही तास घालवणे आवश्यक आहे, असे ऱ्हस्वदृष्टीविषयीच्या संशोधनातून पुनःपुन्हा दिसून आले आहे. वाटूरला अंगण आहे, शिवार आहे. शहरातल्या मुलांना जे मिळवावे लागते ते येथे दाराबाहेर आहे. पडद्याची खोली त्या अंगणाच्या वाट्याचा वेळ खाऊ लागली, तर कितीही उत्तम पॅनेल घेतले असले तरी तो व्यवहार तोट्याचा झाला असे समजावे.

माझा निर्वाळा असा. वाटूरच्या साधारण दहा बाय बाराच्या, दिवसा उजेड येणाऱ्या खोलीसाठी संपूर्ण पाठीवर दिवे असलेला, ४३ ते ५५ इंचांमधला, आणि फ्री डिश हाच मुख्य आधार असेल तर ३२ किंवा ४३ इंचांचा, एलईडी संच घ्यावा. ऐपत असेल तर मिनी एलईडी, नसेल तर साधा, परंतु कडेला दिवे असलेला अतिचपटा नको. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिलावर अठराच टक्के लावले आहेत ना, हे पाहावे आणि पक्के बिल जपून ठेवावे. हमी पॅनेलवर किती वर्षांची, आणि दुरुस्तीचा माणूस जालन्याहून येणार की छत्रपती संभाजीनगरहून, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधी विचारावेत. आणि वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे की, दुकानाची पायरी चढण्यापूर्वी वायरमनला एकदा घरी बोलावून अर्थिंग तपासून घ्या.